तेच शब्द, दर रविवारी: ठरलेल्या उपासनाक्रमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दृढीकरणाच्या वर्गात, उपासनेनंतर आवारात चहा घेताना, लग्न होऊन आमच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आलेल्या सुनांकडून आणि हल्ली व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे देणारा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. मी शास्त्रपाठ वाचणारा, अधूनमधून उपासना चालवणारा साधा सभासद आहे. त्यामुळे इतिहास इतिहासाचा, मते माझी.

उपासनाक्रम म्हणजे नेमके काय?

उपासनेचा ठरलेला क्रम आणि त्यातले ठरलेले शब्द. पाळक एक वाक्य म्हणतात, मंडळी त्याला उत्तर देते. आवाहन, पापांगीकार, क्षमेची घोषणा, स्तोत्र, शास्त्रपाठ, उपदेश, विश्वासांगीकार, मध्यस्थीच्या प्रार्थना, शांतीचे अभिवादन, प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षारस), आशीर्वाद. आमच्याकडे साधारण असे चालते. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा असते, तिचाही सांगाडा फारसा वेगळा नाही. सगळेच दर आठवड्याला सारखे नसते. शास्त्रपाठ बदलतात, उपदेश बदलतो, आगमनकाळ (नाताळाआधीचा), उपवासकाळ (ईस्टरआधीचा), ईस्टर अशा काळांप्रमाणे काही प्रार्थनाही बदलतात. जे बदलत नाही त्याबद्दल लोक तक्रार करतात, आणि हे पान त्या भागाबद्दल आहे.

दर रविवारी तेच ते. कंटाळा येत नाही?

येतो. पापांगीकार म्हणता म्हणता गॅस बंद केला होता का, हे आठवणारे आमच्यात कमी नाहीत. पण कंटाळा आला म्हणून प्रार्थना खोटी ठरली, हे गणित मला पटत नाही.

बायबलमधले स्तोत्र १३६ उघडून पाहा. त्यात २६ वचने आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी देवाची दया सनातन असल्याचे तेच पालुपद आहे. आजच्या एखाद्या संपादकाने हात फिरवला असता तर पहिले ठेवून बाकीची पंचवीस काटली असती. गंमत अशी की पालुपद तेच असले तरी त्याच्या आधीचे सारखे बदलत जाते. आधी आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र. मग मिसरातून सुटका, तांबडा समुद्र. मग बाशानचा राजा ओग, ज्याचे नावही आज कोणाला आठवत नाही. आणि शेवटाकडे अगदी साधी गोष्ट, तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. समुद्र दुभंगला त्या दिवशी जे वाक्य, तेच चूल पेटली त्या दिवशीही. गाणाऱ्यांना यात कंटाळवाणे काही वाटले असेल तर त्यांनी ते नोंदवलेले नाही.

ज्या घरात गणपती बसतात, तिथे आरत्या पाठ झाल्याची तक्रार कोणी करत नाही. उलट कोणी हौशी भाच्याने नवी चाल लावली की सगळे अडखळतात. चर्चमध्येही तसेच होते. पुढचा शब्द कोणता हे शोधण्याचे काम संपले की लक्ष मोकळे होते. मोकळे झालेले लक्ष कधी गॅसच्या शेगडीकडे जाते, कधी देवाकडे. एवढा धोका पत्करावा लागतो.

येशूनेच सांगितले आहे ना, व्यर्थ बडबड करू नका म्हणून?

हो, मत्तयाच्या शुभवर्तमानात, ६:७. हा प्रश्न विचारणाऱ्यांना माझी एकच विनंती असते, आणखी दोन वचने पुढे वाचा. नवव्या वचनात तो म्हणतो, तुम्ही अशी प्रार्थना करा, आणि लगेच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', म्हणजे प्रभूची प्रार्थना, सुरू होते. बडबडीवरचा उपाय म्हणून त्याने जी गोष्ट दिली ती ठरलेल्या शब्दांची प्रार्थना आहे. त्याचा रोख पुष्कळ बोलल्याने देव ऐकेल या समजुतीवर आहे. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. उलट आमच्याकडच्या काही भावांची उत्स्फूर्त प्रार्थना प्रीतिभोजनाच्या पंगतीत भाकऱ्या थंड होईपर्यंत चालते. इशारा कोणाला आहे ते ज्याचे त्याने ठरवावे.

स्वतः येशू काय करत होता? शेवटच्या भोजनानंतर शिष्यांबरोबर स्तोत्र गाऊन तो जैतुनाच्या डोंगराकडे निघाला. वल्हांडण या यहुदी सणाच्या प्रथेप्रमाणे ते ११३ ते ११८ या स्तोत्रांपैकी असावे, म्हणजे त्याला लहानपणापासून येत असलेले. गेथशेमाने बागेत तो तिसऱ्यांदा प्रार्थना करतो तेव्हा मत्तय मुद्दाम सांगतो की तो तेच शब्द पुन्हा बोलला (२६:४४). आणि वधस्तंभावर, जिथे माणसाला स्वतःचे शब्द सुचणे अशक्य, तिथे त्याच्या तोंडी २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आली.

दुसरीकडे यशया २९:१३ मधला इशाराही खोटा नाही. ओठ जवळ आणि अंतःकरण दूर, हे आमच्या बाकांवरही घडते. पण तो रोग पुस्तक बंद करून बरा होत नाही. डोळे मिटून, हात उंचावून, आवाज चढवूनही अंतःकरण दूर राहू शकते.

पहिल्या मंडळ्यांत तर सगळे उत्स्फूर्त होते ना?

अर्धे खरे. इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टरने रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले आहे. शास्त्रवाचन, उपदेश, सगळ्यांनी उभे राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. अध्यक्षस्थानी असलेला माणूस 'त्याच्या शक्तीप्रमाणे' उपकारस्तुती करतो, म्हणजे शब्द तो स्वतः जुळवत असणार, आणि लोक 'आमेन' म्हणतात. शब्द मोकळे होते, पण क्रम ठरलेला होता. आजच्या कोणत्याही मराठी मंडळीतला माणूस त्या सभेत जाऊन बसला तर पुढे काय येणार हे त्याला कळेल.

ठरलेले शब्दही फार लवकर आले. दिदाखे या अगदी जुन्या मार्गदर्शिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे आहे. इ. स. ११२च्या सुमारास बिथुनियाचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. तिसऱ्या शतकाच्या मध्यात कार्थेजचा बिशप सिप्रियन सांगतो की धर्मगुरू 'अंतःकरणे वर करा' म्हणतो आणि लोक 'ती प्रभूकडे लावली आहेत' असे उत्तर देतात. प्रभूभोजनाच्या वेळी आपण आजही हेच म्हणतो. आणि केरळच्या सिरियन परंपरेतली, आद्दाई व मारी यांच्या नावाने चालणारी प्रभूभोजनाची प्रार्थना तर जगात आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या प्रार्थनांपैकी आहे.

मनापासूनची प्रार्थना स्वतःच्या शब्दांत असते. पुस्तकातली प्रार्थना मनापासून कशी होईल?

आधी एक किस्सा. १६४५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, प्रार्थनापुस्तकावर बंदी घातली. छापील प्रार्थनांत आत्मा नसतो, असे त्या काळच्या प्युरिटन लोकांचे ठाम मत होते. ब्रिस्टलजवळ जॉर्ज बुल नावाचा तरुण पाळक होता, पुढे तो बिशप झाला. त्याला एका कट्टर प्युरिटन घरातल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला बोलावले. बुलने बंदी असलेल्या पुस्तकातला अख्खा विधी तोंडपाठ म्हटला, इतक्या भक्तिभावाने की बाळाचा बाप भारावून गेला आणि उत्स्फूर्त प्रार्थना छापील प्रार्थनेपेक्षा किती श्रेष्ठ असते हे बुललाच सांगू लागला. बुलने शांतपणे पुस्तक काढून पान दाखवले.

पण खरे उत्तर दुसरीकडे आहे. आपल्याजवळ नेहमी शब्द असतात, हे तुमच्या प्रश्नात गृहीत आहे. ते नेहमी नसतात.

मोटरसायकलच्या अपघातात गेलेल्या एका तरुण मुलाच्या दफनविधीला मी शास्त्रपाठ वाचत होतो. त्याचे वडील मंडळीतले बोलके गृहस्थ, प्रार्थनासभेत पहिला आवाज त्यांचा. त्या दिवशी घरापासून दफनभूमीपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. पाळकसाहेबांनी मातीचे शब्द म्हटले, लोकांनी मूठमूठ माती टाकली, त्यांनीही टाकली आणि हात तसाच पुढे धरून उभे राहिले. नंतर सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. पहिल्या ओळींना त्यांचे ओठ हलले नाहीत. 'आमची रोजची भाकर' आले तेव्हा शेजारच्याला ऐकू जाईल एवढा त्यांचा आवाज मिसळला आणि शेवटपर्यंत टिकला. त्या क्षणी कोणी त्यांना 'काका, तुम्ही प्रार्थना करा' म्हटले असते तर ती क्रूरता झाली असती. ते शब्द त्यांनी रचले नव्हते, म्हणूनच त्यांना ते म्हणता आले. चाळीसेक वर्षे रविवारी, बहुधा अर्ध्या लक्षाने, त्यांनी ते म्हटले असतील. त्या सगळ्या अर्धलक्षी रविवारांचा हिशेब मी त्या दिवसाकडे पाहून करतो.

स्वतःच्या शब्दांतल्या प्रार्थनेला माझा विरोध नाही. ती हवीच, आणि प्रत्येक चांगल्या उपासनाक्रमात तिला जागा असते. मात्र तिच्यात माणूस स्वतःच्या आजच्या मनःस्थितीच्या बाहेर क्वचित जातो. मला ज्याची खंत वाटत नाही ते पाप मी आपण होऊन कबूल करणार नाही. पापांगीकारात मात्र 'जे करायला हवे होते ते केले नाही' हे आधी येते आणि 'जे करू नये ते केले' हे नंतर. शेजाऱ्याचा न उचललेला फोन मला त्या क्रमामुळे आठवतो.

आमच्या आजोबांच्या मंडळीत पुस्तक नव्हते. मग हे कुठून आले?

तुमचे आजोबा बहुधा नगर, शेवगाव, सोलापूर, साताऱ्याकडचे. तिकडे अमेरिकन मराठी मिशनचे काम होते. हे मिशनरी मुंबईत १८१३ला आले, नगरला १८३१ला. ते काँग्रिगेशनल परंपरेचे, छापील प्रार्थनेपासून लांब राहणारे. त्याच शतकात पुढे पुण्याच्या पंचहौदला अँग्लिकन मंडळी वाढली. तिथे घंटा, झगे, गुडघे टेकणे आणि प्रार्थनापुस्तक. दोन्हीकडचे लोक मराठीच, पण एकमेकांच्या चर्चमध्ये गेले की अवघडून बसत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, झाली. आमच्या हातातला उपासनाक्रम या संसारातून आलेला आहे. संसार म्हटला की थोडी ओढाताण आलीच. काही जुन्या सभासदांना अजूनही 'अँग्लिकनांनी आपल्यावर पुस्तक लादले' असे वाटते आणि पंचहौदच्या परंपरेतल्या कोणाला 'यांनी आमचे सगळे सपाट करून टाकले' असे.

पुस्तक नसणे म्हणजे क्रम नसणे असेही नव्हते. मंडळीतल्या जुन्या वडीलधाऱ्यांच्या उत्स्फूर्त प्रार्थना ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना विचारा. सुरुवात ठरलेली, रोगी आणि प्रवासी यांची विनवणी ठरलेली, शेवट ठरलेला. आजच्या स्वतंत्र, पेंटेकॉस्टल मंडळ्यांतही 'हालेलूया' कधी यायचे आणि ढोलकी कधी थांबायची हे सगळ्यांना माहीत असते. त्यांचा उपासनाक्रम छापलेला नाही, इतकेच.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. नगरकडच्या मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग वाड्यांतून उभ्या राहिल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती आणि ज्यांतल्या अनेकांना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी पवित्र शब्द तोंडपाठ केले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने, एका आवाजात म्हटले. पाठ झालेली प्रार्थना कोणाच्या परवानगीवर अवलंबून राहत नाही, चष्म्यावरही नाही.

भाषा जुनाट आहे. सोपी का करत नाही?

करतात, आणि मग भांडणे होतात. १५४९च्या पेंटेकॉस्टच्या रविवारी, ९ जूनला, इंग्लंडमध्ये लॅटिन मिस्साऐवजी आर्चबिशप क्रॅन्मरचे नवे इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सँपफर्ड कोर्टनी गावच्या लोकांनी आपल्या धर्मगुरूला जुनी मिस्सा करायला भाग पाडले. तिथून बंड पेटले आणि हजारो माणसे मेली. कॉर्नवॉलकडच्यांचे म्हणणे होते की आमच्यातल्या काहींना इंग्रजीही येत नाही. आता पुढचे पाहा. हेच पुस्तक, थोड्या फेरफारांनी, १६६२च्या रूपात लोकांच्या हाडीमांसी इतके मुरले की त्याची सुधारित आवृत्ती पार्लमेंटने १९२७ आणि १९२८ अशी दोनदा फेटाळली. एकेकाळी ज्याच्याविरुद्ध बंड झाले तेच नंतर कोणाला हलवू देईनात.

कॅथलिक मंडळीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना दार उघडले. वसईतल्या घरांतून लॅटिन उत्तरे पाठ असलेली पिढी होती, तिने मराठी मिस्सा शिकून घेतली आणि आज तिच्या नातवंडांना दुसरे काही माहीत नाही. इंग्रजी मिस्सेचे शब्द २०११च्या आगमनकाळापासून बदलले, तेव्हा मुंबईत जन्मभर इंग्रजीत मिस्सा ऐकलेले लोक 'प्रभू तुमच्याबरोबर असो' याच्या उत्तराला जुने बोलून जीभ चावत होते.

माझे मत असे: न कळणारा शब्द बदलावा, न आवडणारा लगेच बदलू नये. आणि बदल केला की निदान एक पिढी त्याला हात लावू नये. ओळख व्हायला वेळ लागतो, आणि दर पाच वर्षांनी नवी आवृत्ती काढणाऱ्या समित्या नेमका तोच काढून घेतात. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट जानेवारीतल्या ख्रिस्ती ऐक्याच्या सप्ताहात एकत्र जमतात तेव्हा प्रभूच्या प्रार्थनेत मधेच आवाज फाटतो, कारण भाषांतरे वेगळी. मला त्याचे वाईट वाटत नाही. आमेनला सगळे परत जुळतात.

यात मराठी काय आहे? सगळे परदेशीच ना?

सांगाडा भूमध्य समुद्राच्या आसपासचा, हे मान्य. अंगावरचे मांस मात्र इथले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ला त्याचे ख्रिस्तपुराण छापून निघाले, ओवीछंदात, जवळपास अकरा हजार ओव्या. लोकांच्या कानांना आणि जिभेला ओवीची सवय आहे, हे त्या माणसाने बरोबर ओळखले होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या चोवीस वर्षांत मराठी ख्रिस्ती भजन, अभंग, कीर्तन यांना घरचे रूप दिले. 'उपासना संगीत' हे आमचे गीतपुस्तक हातात घेऊन चाळले तर टिळकांशिवाय रविवार निघणे कठीण. हा माणूस नवीन लिहीत होता, पण कानाला जुने वाटेल अशा चालीत लिहीत होता. म्हणून ते टिकले.

शांतीच्या अभिवादनाचेही तसेच. केरळच्या सिरियन मंडळ्यांत हा प्रघात जुना. दक्षिण भारतीय मंडळीने १९५०च्या प्रभूभोजन विधीत तो घेतला आणि तिथून जगभरच्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी उचलला. म्हणजे इथे प्रवास उलटा झाला. आमच्याकडे आपण हात जोडून करतो, शेजारच्याशी, आणि आठवडाभर ज्याच्याशी अबोला धरला त्याच्याशीही. दुसरे अवघड जाते.

तरुणांना गिटार आणि नवी गाणी हवी आहेत. त्यांना का अडवता?

कोणी अडवत नाही. गिटारने देव पळून जात नाही. माझा आक्षेप पडद्याला आहे. एका मंडळीत पुस्तके कपाटात टाकून सगळे प्रोजेक्टरवर आणले. उपवासकाळातल्या एका रविवारी वीज गेली. नवे गाणे दुसऱ्या कडव्यात थांबले, कारण पुढचे शब्द कोणालाच येत नव्हते, गिटारवाल्या मुलांनाही नाही. शांततेत मागच्या बाकावरच्या आजींनी स्तोत्र २३ सुरू केले आणि निम्मे लोक त्यांच्यामागे म्हणू लागले. उरलेले निम्मे तरुण होते, ते ऐकत राहिले. दोष त्यांचा नाही. त्यांना दर महिन्याला नवीन दिले गेले, राहू काहीच दिले गेले नाही. नवी गाणी आणा, पण वर्षभर तीच गा, पडद्याशिवाय येईपर्यंत.

विश्वासच डळमळीत झाला आहे. तरी विश्वासांगीकार म्हणावा का?

म्हणावा. ३२५ साली नायसियाला आणि ३८१ला कॉन्स्टँटिनोपलला विश्वासांगीकाराचे जे सूत्र ठरले त्याची सुरुवात मुळात 'आम्ही विश्वास ठेवतो' अशी बहुवचनी आहे. ते मंडळीचे म्हणणे आहे आणि तुम्ही मंडळीत उभे आहात. ज्या ओळीला तुमचा आवाज निघत नाही ती ओळ शेजारचा म्हणेल. पुढच्या वर्षी त्याची ओळ अडेल तेव्हा तुम्ही म्हणा. ज्यांना हे अप्रामाणिक वाटते त्यांनी गप्प उभे राहावे, कोणी हजेरी घेत नाही.

ओळखीचे म्हणजे बरोबरच, असे आहे का?

मुळीच नाही. शतकानुशतके उत्तम शुक्रवारच्या लॅटिन प्रार्थनेत यहुदी लोकांसाठी अपमानास्पद विशेषण होते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते ऐकले आणि ते कानात मुरले. पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ला ते काढून टाकले. दुसऱ्या महायुद्धात युरोपात जे घडले त्यानंतरही ते आणखी चौदा वर्षे राहिले होते. लग्नविधीत फक्त वधूने 'आज्ञेत राहीन' म्हणायचे, हेही असेच ओळखीचे होते. मुरण्याची जी शक्ती चांगल्या शब्दांना आहे ती वाईट शब्दांनाही आहे, म्हणून समित्यांवर कितीही टीका केली तरी त्या हव्यात.

आणि कधी ओळख हेच हत्यार होते. केरळच्या सिरो-मलबार या कॅथलिक मंडळीने २०२१ला ठरवले की धर्मगुरूने अर्धा विधी लोकांकडे तोंड करून आणि अर्धा वेदीकडे तोंड करून करावा. एर्नाकुलमच्या बऱ्याच लोकांना पूर्ण विधी लोकांकडे तोंड करून पाहायची सवय होती. प्रकरण चर्चला कुलूप लागण्यापर्यंत गेले. दोन्ही बाजू परंपरेचेच नाव घेत होत्या.

घरी, मोबाइलवर उपासना पाहिली तर चालते का?

आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जरूर चालते. २०२०च्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनी तेच केले. झूमवर सगळ्यांचे माइक सुरू ठेवून प्रभूची प्रार्थना म्हणण्याचा प्रयोग ज्यांनी केला त्यांना आठवत असेल, दुबईचा जावई 'भाकर' म्हणतो तोवर संगमनेरचे सासरे 'आमेन'ला पोचलेले. शेवटी सगळ्यांना म्यूट करून एकट्या पाळकसाहेबांनी म्हणायचे ठरले. एकत्र श्वास घेणे ही उपासनेतली किती मोठी गोष्ट आहे हे तेव्हा कळले.

मुलांना कसे शिकवावे?

शिकवू नका, त्यांच्यादेखत म्हणा. झोपताना प्रभूची प्रार्थना, जेवताना एक छोटी उपकारस्तुती, बस. अर्थ नंतर विचारतील. संडे स्कूलमध्ये पाठांतराच्या स्पर्धा आणि स्टीलचे डबे ठीक आहेत, पण बक्षिसासाठी पाठ केलेले बक्षिसानंतर विसरते. चर्चमध्ये चार वर्षांचे मूल 'आमेन' चुकीच्या जागी ओरडले तर आईने त्याला बाहेर नेऊ नये. पुढच्या वर्षी ते बरोबर जागी ओरडेल.

आम्ही ख्रिस्ती नाही. मित्राच्या घरचे लग्न किंवा दफनविधी आहे. काय करावे?

मागच्या बाजूला बसा, लोक उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. गुडघे टेकायची गरज नाही. छापील क्रम मिळाला तर त्यातले मंडळीचे शब्द ठळक अक्षरांत असतात. म्हणावेसे वाटले तर म्हणा, नाही तर ऐका. शांतीच्या अभिवादनाला हात जोडले की झाले. भाकर आणि द्राक्षारस घेण्यासाठी लोक पुढे जातील तेव्हा जागेवरच बसून राहा. कोणाला ते खटकत नाही, आणि रांगेत उभे राहिल्यास धर्मगुरूंची पंचाईत होते. दानाची थैली फिरली तर पाहुण्यांनी टाकलेच पाहिजे असे नाही. चर्चच्या दाराशी चपलांचा ढीग दिसला तर काढा, नाही दिसला तर घालून आत या. दफनविधीला मातीची मूठ टाकायला सगळ्यांना बोलावतात, त्यात तुम्हीही आलात.